मोठं गिऱ्हाईक गेलं, पुढे काय?

मंडळी, महिन्याच्या एक तारखेला ज्याच्या हाती पगार पडतो त्याची नोकरी गेली, तर आपण त्याला बेकार म्हणतो. चार माणसं त्याची विचारपूस करतात, कुणी जागा सुचवतं, कुणी अर्ज लिहून देतं. पण गावातला शिंपी घ्या, पाट्या रंगवणारा रंगारी घ्या, सुतार, आचारी, बँडवाला, किंवा घरी संगणक ठेवून लग्नपत्रिका आणि अर्ज करून देणारा मुलगा घ्या. यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं तर त्यांना कुणी बेकार म्हणत नाही. दुकान उघडंच असतं, मशीन जागेवरच असतं. बाहेरून काही दिसत नाही. आतून मात्र घराचा मधला खांब काढून घेतलेला असतो.

अशा माणसानं पुढचे तीन-चार महिने कसे काढावेत, नवं काम कुठून आणि कसं उभं करावं, याचा आज थोडा विचार करू. उदाहरण म्हणून गावच्या शिंप्याचं घेतो, कारण त्याच्यावर आलेला प्रसंग शिक्षकांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारतर्फे दोन गणवेश मिळतात. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी मुलामागे ६०० रुपये असा दर राहिला आहे. कापड आणि शिलाई दोन्ही त्यातच. गणवेश कुठून घ्यायचे हे शाळा व्यवस्थापन समिती ठरवी, आणि पुष्कळ ठिकाणी ते शिवण गावच्या किंवा शेजारगावच्या शिंप्याकडे जाई. २०२४-२५ या वर्षी राज्यभर एकाच प्रकारचा गणवेश करायचं ठरलं. कापड राज्यपातळीवर खरेदी झालं आणि शिवण्याचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेलं. अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोचले नाहीत, तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवून हा अधिकार पुढच्या वर्षापासून पुन्हा शाळा समित्यांकडे दिला.

धोरण बरं की वाईट, हा आजचा विषय नव्हे. बचत गटातल्या बायकांनाही पोट आहे. काम एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेलं, इतकंच. आपल्याला पाहायचंय ते निराळं. ज्या शिंप्याचा सगळा उन्हाळा या कापडावर जात असे, त्यानं ते मधलं वर्ष कसं काढायचं? शिंप्यानं काही वाईट शिवलं नव्हतं. त्याच्या हातून चूक झाली नाही, तरी काम गेलं. मोठं गिऱ्हाईक जातं ते बहुधा असंच जातं. साखर कारखान्याचा अधिकारी बदलतो, पतपेढी बुडते, पाट्या रंगवण्याऐवजी लोक छापील फ्लेक्स लावू लागतात. म्हणून पहिली गोष्ट ही की, ‘माझ्यातच काही कमी असेल’ या विचारानं खचून जाऊ नये. हात आहे तो तसाच आहे. गेली आहे ती एक वाट.

आता क्रमानं पाहू.

पहिला आठवडा हिशेबाचा. काम गेल्याचं कळलं की माणूस एकतर भांडायला जातो, नाहीतर कपाळाला हात लावून बसतो. दोन्ही करू नयेत. हातातलं उरलेलं काम नेटकं पुरं करावं, दिल्या दिवशी द्यावं, आणि जुनी येणी मागावीत. येणं मागताना ‘जमेल तेव्हा द्या’ असं म्हणू नये. किती रुपये, कोणत्या कामाचे, कोणत्या तारखेचे, हे कागदावर लिहून द्यावं आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. याबाबत कायदाही तुमच्या बाजूला आहे. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं असं ठरवलं आहे की, नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे करारात ठरल्या मुदतीत द्यायला हवेत आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त असता कामा नये. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं. ही नोंदणी, तिला ‘उद्यम’ नोंदणी म्हणतात, १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर फुकट होते. मात्र नोंदणी आधी आणि काम नंतर, असा क्रम हवा. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक कागद मिळवावा. ज्यांचं काम इतकी वर्षं केलं त्यांच्याकडून चार ओळींचं पत्र: ‘यांनी अमुक वर्षं आमचं काम केलं, वेळेवर दिलं, तक्रार नव्हती.’ काम थांबवताना समोरच्या माणसालाही थोडं अवघडल्यासारखं झालेलं असतं. अशा वेळी हे पत्र तो आनंदानं देतो. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर माणूस बदललेला असतो.

आता आकडे मांडू. भीती मनात असते तेव्हा ती डोंगराएवढी असते. कागदावर उतरली की तिचं माप कळतं. समजा, शाळेत २०० मुलं आहेत. दोन गणवेशांप्रमाणे ४०० जोड झाले. जोडामागे शिलाई ११० रुपये धरली तर ४४,००० रुपये होतात. शिंप्याच्या दुकानात वर्षाला सगळे मिळून १,१०,००० रुपये येत असतील, तर रुपयातले ४० पैसे एकट्या शाळेचे झाले. ऐकून धसका बसतो. पण या ४४,००० मध्ये दोरा होता, बटणं होती, काजाची मजुरी होती, मे महिन्यात हाताखाली ठेवलेल्या पोराचा रोज होता. त्याचे १४,००० वजा केले तर घरात येणारे राहिले ३०,०००. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,५००. आता एका झंपरामागे सगळा खर्च जाऊन १२५ रुपये सुटत असतील, तर ही भोकसळ बुजवायला महिन्याला किती झंपर जास्तीचे लागतील? वीस. म्हणजे आठवड्याला पाच.

हे आकडे मी समजुतीसाठी घेतले. तुमचे तुम्ही मांडा. पण फरक पाहा: ‘शाळा गेली, आता कसं होणार?’ या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ‘आठवड्याला पाच झंपर जास्तीचे कुठून आणू?’ या प्रश्नाला आहे. एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं की, शाळेचे पैसे एकरकमी येत आणि त्यातून मुलीची फी, खताची उधारी एकदम भागे. नवे पैसे सुटे येतील आणि सुटेच खर्च होतील. म्हणून आठवड्याच्या बाजारादिवशी ठराविक रक्कम पोस्टात किंवा बचत गटात टाकण्याची शिस्त आत्तापासूनच लावली पाहिजे.

मग हे पाच झंपर शोधायचे कुठे? पुष्कळांना वाटतं, नवं काम नव्या माणसांकडून येतं. तसं फारसं होत नाही. नवं काम सगळ्यात आधी येतं ते तुमचा हात ज्यांनी पाहिला आहे त्यांच्याकडून. शिंप्याकडे मापांची वही असते. त्या वहीत गेल्या चार-पाच वर्षांची दोन-तीनशे नावं सहज निघतात. एवढी मोठी ठेव घरात असताना माणूस पेठेत ओळखी शोधत हिंडतो! सुताराच्या बाबतीत ती वही म्हणजे त्यानं केलेली दारं-चौकटी, रंगाऱ्याच्या बाबतीत त्यानं रंगवलेल्या भिंती, आचाऱ्याच्या बाबतीत त्यानं वाढलेल्या पंगती. नावं लिहून काढा. दोन वर्षांत जे फिरकले नाहीत त्यांच्या नावापुढे खूण करा. रोज तिघांना भेटा किंवा फोन करा.

भेटल्यावर बोलायचं काय, तेही महत्त्वाचं. ‘शाळेचं काम गेलं हो, काहीतरी द्या,’ असं म्हटलं की ऐकणारा हळहळतो, चहा पाजतो आणि काम दुसऱ्याला देतो. का? अडलेल्या माणसाला काम देताना लोक कचरतात. हा पैसे आगाऊ मागेल, काम अर्धवट टाकेल, अशी शंका येते. त्याऐवजी असं म्हणावं: ‘वहिनी, या महिन्यात माझा हात मोकळा आहे. लेकीच्या लग्नाचं शिवण असेल तर आत्ता द्या, हळदीच्या आठ दिवस आधी तयार देतो.’ यात खोटं काही नाही. हात खरंच मोकळा आहे. शिवाय समोरच्याला जे हवं असतं ते, म्हणजे तारखेची हमी, तुम्ही देता. लग्नसराईत शिंप्याच्या खालोखाल लोक घाबरतात ते शिंप्याच्या तारखेला!

या काळात एक मोह फार होतो, तो दर पाडण्याचा. दोनशेचं काम दीडशेत करून देतो म्हणायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी वेळ आलेली असते खरी. पण एकदा पाडलेला दर वर चढवायला दोन-तीन वर्षं जातात. गावात बातमी लपत नाही. ज्यांनी दोनशे दिले तेही पुढच्या वेळी दीडशेच काढतात. म्हणजे नवं काम मिळवताना जुनं कामही स्वस्त झालं. सूट द्यायचीच तर कामात द्यावी, दरात देऊ नये. झंपर दोनशेलाच शिवा, पण साडीला फॉल लावून द्या. किंवा लहान काम घ्या: उसवलेलं शिवणं, परकर आखूड करणं, चेन बदलणं. वीस रुपयांच्या कामाला आलेलं माणूस काम पसंत पडलं तर दोनशेचं काम घेऊन येतं.

यापुढचा विचार जरा खोलात जाऊन करायला हवा. आपली विद्या एकच असते, पण ती विकायची रीत एकच असावी असं कुठे आहे? याचं एक मोठं उदाहरण संगीताच्या इतिहासात आहे. उस्ताद अल्लादिया खाँ हे कोल्हापूरच्या दरबारचे गवई. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. १९२२ साली महाराजांचं निधन झालं. दरबारी गवयाच्या दृष्टीनं याहून मोठं गिऱ्हाईक कोणतं? खाँसाहेबांचं वय तेव्हा सत्तरीकडे झुकलेलं. पुढे ते मुंबईत राहिले आणि त्यांनी शिकवलं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. दरबारात जी विद्या गाऊन दाखवायची होती तीच आता शिकवायची झाली. विद्या तीच, देण्याची रीत निराळी. पुढे संस्थानं विलीन झाली तेव्हा अनेक गवयांच्या आणि वादकांच्या बाबतीत हाच प्रसंग आला, आणि त्यांतल्या पुष्कळांना नभोवाणीनं काम दिलं, हे या पुस्तिकेच्या वाचकांना मुद्दाम सांगायला नको.

गावच्या शिंप्याला हे कसं लागू पडतं? सरळ पडतं. त्याला एकाच मापाचे, एकाच रंगाचे शेकडो कपडे तारखेवर देता येतात. ही काही लहान करामत नव्हे. घरगुती झंपर शिवणाऱ्या प्रत्येकाला ती येत नाही. मग असे एकसारखे कपडे आणखी कुणाला लागतात? भजनी मंडळाला लागतात. लेझीम पथकाला, ढोलपथकाला गणपतीच्या आधी लागतात. नाशिकच्या बाजूला द्राक्षं भरण्याची पॅकहाऊस आहेत, तिथे कामगारांना एप्रन आणि टोप्या लागतात. तालुक्याच्या दवाखान्याला चादरी आणि पडदे लागतात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या मुलांना कार्यशाळेचे कपडे लागतात, पेट्रोल पंपावरच्या पोरांना गणवेश लागतो. पोळ्याला बैलाची झूल लागते. कातरकामातून उरलेल्या तुकड्यांच्या गोधड्या आणि पिशव्या होतात. ही यादी पुरी नाही. तुमच्या पंचक्रोशीची तुम्ही करा. मात्र सगळीकडे एकदम हात घालू नये, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या. दोन ठिकाणं निवडा, एक नमुना शिवून बरोबर न्या, शाळेचं ते चार ओळींचं पत्र दाखवा, आणि दर, मुदत, आगाऊ रक्कम हे तीन आकडे कागदावर लिहून द्या.

काही कामं एकट्याच्यानं होत नाहीत. दवाखान्याच्या तीनशे चादरी एका मशीनवर कधी व्हायच्या? अशा वेळी शेजारगावच्या शिंप्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून न पाहता जोडीदार म्हणून पाहावं लागतं. मुंबईच्या गिरणगावात याचा दाखला आहे. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांचा सगळा संसार त्या कामगारांच्या महिन्याच्या पैशांवर चाले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, कारण त्याआधी त्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगार थांबला, तशी खाणावळीची खाती थकली, आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. म्हणजे एक गिऱ्हाईक गेलं असं झालं नाही, सबंध पेठच उठली. अन्नपूर्णेमार्फत पुढे कचेऱ्यांना आणि समारंभांना जेवण पुरवण्याचं काम उभं राहिलं. पोळी तीच, भाजी तीच. पण शंभर-दोनशे माणसांचं जेवण एका वेळी पुरवायचं तर एक चूल पुरत नाही. ज्यांची आधीपासून संघटना होती त्यांना हे जमलं. एकट्या बाईला ते किती अवघड गेलं असेल याची कल्पना करा.

आता कर्जाविषयी दोन शब्द. काम गेल्याच्या धास्तीनं नवं मशीन घेण्याची घाई करू नये. आधी मागणी हाती यावी, मग मशीन. तशी वेळ आली तर सावकाराच्या दारात जाण्याआधी पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. हातानं आणि हत्यारानं काम करणाऱ्या १८ व्यवसायांचा तिच्यात समावेश आहे. शिंपी, सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, परीट, न्हावी हे त्यांतलेच. तिच्यात थोड्या दिवसांचं शिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि ५ टक्के व्याजानं पहिलं १ लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद केलेली आहे. अटी आणि सध्याची स्थिती सेवा केंद्रात विचारून घ्या. पण कर्ज ते कर्जच. ते फेडायला काम लागतं, हे विसरू नये.

इथे एका जुन्या व्यवस्थेची आठवण होते. बलुतेदारीत सुताराचं गिऱ्हाईक म्हणजे सबंध गाव. सुगी झाली की खळ्यावर जाऊन प्रत्येकाकडून त्यानं आपलं बलुतं आणायचं. एक शेतकरी मोडला तरी बाकीचे असत, त्यामुळे एकाच्या जाण्यानं तो उघड्यावर पडत नसे. पण त्याला दर ठरवता येत नसे, काम नाकारता येत नसे, आणि मुलानं दुसरा धंदा करावा म्हटलं तर जात आडवी येई. ती व्यवस्था गेली याचं दुःख करण्याचं कारण नाही. तिच्यातली एकच गोष्ट उचलण्याजोगी आहे: पुष्कळ दारी थोडं थोडं येणं असावं. आजच्या कारागिराला स्वातंत्र्य आहे, दर ठरवण्याचा हक्क आहे. त्याच्या जोडीला अशी अनेक दारं त्यानं स्वतः जोडून ठेवायला हवीत.

म्हणून गाडी पुन्हा रुळावर आली की एक नियम करावा. कोणतंही एक गिऱ्हाईक कितीही चांगलं असलं, तरी आपल्या मिळकतीतले रुपयामागे पाच आण्यांहून जास्त त्याच्या एकट्याकडून येत असतील, तर सावध व्हावं. त्याचं काम सोडायचं असं नव्हे. बाकीच्यांना वेळ देणं बंद करायचं नाही, एवढंच. शाळेचं काम आलं की मे महिन्यात ‘आता नाही जमणार’ म्हणून शिंपी नेहमीच्या बायकांना परत पाठवतो. त्या दुसरीकडे जातात आणि तिथल्याच होतात. पुढे शाळा गेल्यावर या बायका आठवतात! ज्यांचं गणवेशाचं काम आता परत आलं असेल त्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. एकदा जे काम गेलं ते पुन्हा जाऊ शकतं. त्या एका वर्षात जी नवी दारं उघडली, ती काम परत आलं म्हणून लावून घेऊ नयेत.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. तुमची शाळा ही गावातल्या कुणाचं तरी मोठं गिऱ्हाईक असते: शिंप्याचं, रंगाऱ्याचं, पोषण आहाराला भाजी देणाऱ्या बाईचं. पुढच्या वर्षी काम द्यायचं नसेल किंवा देता येणार नसेल, तर ते कळल्याबरोबर त्यांना सांगा. फेब्रुवारीत कळलेल्या माणसाला लग्नसराईचं शिवण धरता येतं. जूनमध्ये कळलेल्याला काहीच धरता येत नाही. त्यांची बिलं रखडू देऊ नका. आणि लिहिता-वाचताना अडखळणाऱ्या कारागिराला एक संध्याकाळ द्या. मघाशी सांगितलेला हिशेब त्याच्यासोबत बसून मांडा, येण्याचा कागद लिहून द्या, दरपत्रक वळणदार अक्षरात करून द्या. तुमच्या लेखी तासाभराचं काम आहे. त्याच्या घरी त्यावर वर्षाचं धान्य भरलं जाईल.